शासन निर्णयाला आव्हान आले की: सरकारी वकिलासाठी कामाची वाट

संध्याकाळी याचिकेची प्रत हातात पडते आणि प्रकरण दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, असते. शासनाच्या धोरणाविरुद्धच्या रिट याचिकांत हे नेहमीचेच. अशा वेळी याचिका पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. आधी शेवटी दिलेल्या मागण्या वाचाव्यात. काय रद्द करून मागितले आहे आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम काय हवे आहे, एवढे कळले की उद्याचे काम कळते. मग ज्याला आव्हान आहे तो कागद काढावा आणि तो नेमका काय आहे ते ठरवावे: अधिनियम, नियम, राजपत्रातली अधिसूचना, शासन निर्णय, परिपत्रक की नुसते पत्र. बचावाचा पाया या एका उत्तरावर ठरतो आणि बऱ्याच चुकाही इथेच सुरू होतात.

पुढचे सगळे मुंबई उच्च न्यायालयात, त्याच्या नागपूर व छत्रपती संभाजीनगर खंडपीठांत आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे महाराष्ट्र शासनातर्फे उभे राहणाऱ्यांना डोळ्यापुढे ठेवून लिहिले आहे. सेवाविषयक वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात आणि दिवाणी दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. त्या वाटा वेगळ्या, पण नस्तीबद्दल, म्हणजे विभागातल्या मूळ फाइलबद्दल, खाली जे म्हटले आहे ते तिथेही जसेच्या तसे लागू पडते.

कागद कुठल्या पायरीवरचा आहे

अधिनियम असेल तर तो घटनेला धरून आहे असे न्यायालय गृहीत धरून चालते. तो चुकीचा आहे हे याचिकाकर्त्याने दाखवायचे असते. नियम किंवा अधिसूचना असेल तर पहिला प्रश्न येतो: मूळ अधिनियमातल्या कोणत्या कलमाने हा अधिकार दिला, आणि नियम त्या अधिनियमाच्याच विरोधात तर जात नाही ना. पूर्वप्रसिद्धी आवश्यक होती का, हरकती मागवल्या का, आलेल्या हरकतींवर कोणी विचार केला का, हेही इथेच तपासायचे. शासन निर्णय असेल तर तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १६२ खालच्या कार्यकारी अधिकारावर उभा असतो. संतराम शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितलेले सूत्र आजही रोज लागते: नियम जिथे गप्प आहेत तिथली पोकळी कार्यकारी सूचनांनी भरता येते, पण नियमांना बगल देता येत नाही.

मूळ कायद्याशी भांडणाऱ्या नियमाचे काय होते ते महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवाव्या लागतात. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर अशा शाळांना सूट दिली. उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. केंद्रीय कायद्यात नसलेली सूट राज्याच्या नियमाने निर्माण करता येत नाही, हे अशा प्रकरणात पहिल्या वाचनातच दिसते. ते दिसले की विभागाला त्याच दिवशी लेखी कळवावे. धोरण चांगले आहे, तिजोरीचा भार कमी होतो, ही उत्तरे त्या प्रश्नाची नव्हेत.

म्हणून पहिल्याच रात्री एका कागदावर तीन रकाने आखा. डावीकडे आव्हान दिलेल्या निर्णयातला एकेक परिच्छेद, मधे तो कोणत्या अधिकाराखाली काढला, उजवीकडे त्याने कोणाचे काय जाते. मधला रकाना जिथे कोरा राहतो तिथे याचिकाकर्त्याचा वकील उद्या बोट ठेवणार. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे वाक्य आहे का तेही पाहा. ते असेल तर अनुच्छेद १६६(२) चे संरक्षण मिळते आणि हा आदेश राज्यपालांनी काढलेलाच नाही असा वाद घालता येत नाही. नसेल तर आदेश तेवढ्याने मरत नाही, पण निर्णय सक्षम पातळीवर झाला होता हे मग नस्तीतून दाखवावे लागते.

नस्ती मागवणे: ‘अभिप्राय पाठवा’ एवढे लिहून भागत नाही

विभागाला पत्र जाते, त्यात परिच्छेदनिहाय अभिप्राय मागितलेले असतात. येतात ते कक्ष अधिकाऱ्याने याचिका समोर ठेवून आज लिहिलेले अभिप्राय. ते उपयोगी असतात, पण तो पुरावा नव्हे. पुरावा आहे तो निर्णय झाला त्या दिवसापर्यंतच्या नस्तीत. म्हणून पत्रात स्पष्ट लिहा: मूळ नस्ती, टिप्पणी भाग आणि पत्रव्यवहार भाग दोन्ही, सर्व पताकांसह (खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या जोडकागदांसह); मंत्रिमंडळापुढे विषय गेला असेल तर मंत्रिमंडळ टिप्पणी आणि त्यावरचा निर्णय; वित्त विभाग, विधी व न्याय विभाग, सामान्य प्रशासन विभाग यांनी नस्ती अनौपचारिक संदर्भाने आल्यावर तिच्यावरच नोंदवलेले अभिप्राय; समिती नेमली असेल तर तिचा अहवाल परिशिष्टांसह; आणि या विषयावरचे आधीचे सगळे शासन निर्णय, शुद्धिपत्रके धरून. शुद्धिपत्रक हमखास राहते. याचिकाकर्ता रद्द झालेल्या मजकुरावर भांडतो आहे हे सुनावणीच्या मध्यावर कळण्यात काही शोभा नाही.

विभागाकडून एक माणूस नक्की करून घ्या, शक्यतो उपसचिव किंवा अवर सचिव दर्जाचा, ज्याला विषय माहीत आहे आणि जो फोन उचलतो. जिल्ह्यातल्या कार्यालयाने पाठवलेला लिपिक नस्ती उचलून आणू शकतो, धोरण का केले ते सांगू शकत नाही.

नस्ती आली की तारखांचा तक्ता करा: प्रस्ताव केव्हा सुचवला, कोणी हरकत घेतली, कोणी मान्य केला, आदेश केव्हा निघाला, अंमल केव्हापासून. तक्त्यात दोन प्रकारची भगदाडे सापडतात. एक म्हणजे मान्यता आणि आदेश यांत फरक: मंजूर झाले एक, छापले गेले दुसरे. दुसरे म्हणजे आदेशच नाही, फक्त मंत्र्यांची सही असलेली टिप्पणी आहे. बच्चित्तर सिंग प्रकरणापासून कायदा स्पष्ट आहे की नस्तीवरचा शेरा आदेशाच्या रूपात निघून संबंधिताला कळवला जाईपर्यंत शासनाचा निर्णय ठरत नाही. हे शस्त्र दोन्ही बाजूंनी चालते. नस्तीवर आपल्या बाजूने शेरा होता म्हणून हक्क मिळाला, असे याचिकाकर्त्याला म्हणता येत नाही. आणि तसल्याच शेऱ्यावर शासनालाही बचाव उभारता येत नाही.

वित्त विभागाने विरोध केला होता असे नस्तीत दिसले की पुष्कळ जण घाबरतात. घाबरण्याचे कारण नसते. विरोध वर गेला, सक्षम पातळीवर त्याचा विचार झाला आणि कारण नोंदवून तो बाजूला ठेवला, तर ती नोंद विचारपूर्वक निर्णय घेतल्याचाच पुरावा. खरी अडचण तेव्हा, जेव्हा विरोधाची टिप्पणी मंत्रिमंडळापर्यंत पोहोचलीच नाही. ही गोष्ट मुख्य सरकारी वकिलांना किंवा महाधिवक्त्यांना सुनावणीआधी सांगावी. न्यायालयाने नस्ती मागवल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

कारणे मागाहून घडवता येत नाहीत

मुंबईतलेच जुने प्रकरण आहे. अंधेरीत चित्रपटगृह बांधायला दिलेली परवानगी पोलीस आयुक्तांनी शासनाच्या सांगण्यावरून रद्द केल्याचे कळवले आणि मग न्यायालयात वेगळेच स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न झाला. गोरधनदास भानजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये म्हटले की सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याच्या मनात काय होते हे त्याने मागाहून सांगितले म्हणून नव्हे. १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल निकालाने तेच अधिक ठाशीव केले: वैधानिक आदेश त्यात दिलेल्या कारणांवरच तपासला जाईल, शपथपत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत.

व्यवहारात याचा अर्थ असा. शपथपत्रातले प्रत्येक समर्थन लिहिताना समासात नस्तीचे पान क्रमांक टाका. पान सापडत नसेल तर ते वाक्य काढा. धोरणात्मक शासन निर्णयात सगळी कारणे छापलेली नसतात, प्रस्तावनेत चार ओळी असतात. तिथे त्याच काळातल्या टिप्पण्या, अहवाल आणि बैठकांची इतिवृत्ते दाखवून कारणे सांगता येतात, कारण ती तेव्हाचीच आहेत. याचिका आल्यावर तयार केलेला ‘अभ्यास अहवाल’ जोडण्याचा मोह विभागाला होतो. तो जोडू नका. त्याची तारीखच साक्ष देते की निर्णय घेताना अभ्यास नव्हता. ई-ऑफिसमधल्या टिप्पणीवर तर वेळसुद्धा उमटते.

नस्तीत कारण नाहीच, तर विभागाला एक पर्याय नेहमी सुचवता येतो: निर्णय मागे घ्यावा, बाधितांना ऐकावे, कारणांसह नवा निर्णय काढावा. पडलेल्या निर्णयापेक्षा दुरुस्त केलेला निर्णय शासनाच्या जास्त कामाचा असतो. विभाग पहिल्या झटक्यात ऐकत नाही. लेखी सल्ला दिलेला असला की दुसऱ्यांदा ऐकतो.

पहिला दिवस आणि अंतरिम स्थगिती

पहिल्या तारखेला शपथपत्र नसते, सूचना अर्धवट असतात आणि समोरचा वकील तयारीने आलेला असतो. त्या दिवशी गुणवत्तेवर लढू नका. सांगायचे एवढेच: निर्णय कोणत्या अधिकाराखाली आहे, किती दिवसांपासून अमलात आहे, थांबवला तर नेमके काय थांबते आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत देतो. ‘मोठे नुकसान होईल’ या शब्दांनी काही होत नाही. किती लाभार्थी, कोणता हप्ता, प्रवेशाची कोणती फेरी, निविदेतला कोणता टप्पा हे आकडे अधिकाऱ्याकडून सकाळी साडेदहाच्या आत लेखी घ्या. स्थगितीने होणारी हानी परत भरून येते का, हा मुद्दा आकड्यानेच पटतो. पायाभूत सुविधांचा प्रकल्प असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमातले २०१८ साली आलेले कलम ४१(हअ) वाचून जा. ते दाव्यातल्या मनाई हुकमाबद्दल आहे, तरी रिटमध्येही त्यामागचे तत्त्व मांडता येते.

निर्णयात संक्रमणकाळाची तरतूद असेल तर ती आधी दाखवा. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत हाताशी असलेल्या साठ्याची विल्हेवाट लावायला मुदत होती. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती नाकारली. ज्या धोरणात लोकांना सावरायला वेळ दिलेला असतो, त्याचा पहिल्या तारखेचा बचाव सोपा जातो.

आता ‘स्टेटमेंट’बद्दल. खंडपीठ विचारते, पुढच्या तारखेपर्यंत सक्तीची कारवाई करणार नाही असे म्हणता का? स्थगितीचा आदेश टळतो म्हणून हो म्हणावेसे वाटते. पण ते वाक्य आदेशात नोंदले गेले की शासनाची हमी होते आणि मोडली तर अवमान. सूचना नसतील तर ‘सूचना घेऊन दुपारच्या सत्रात सांगतो’ म्हणा. सूचना असतील तर विधान बांधून द्या: कोणत्या परिच्छेदापुरते, कोणत्या याचिकाकर्त्यापुरते, कोणत्या तारखेपर्यंत. ‘या याचिकाकर्त्यांपुरते’ हे दोन शब्द राहिले तर एका संस्थेचा दिलासा सगळ्या राज्याला लागू झाल्यासारखा वाचला जातो. आदेश संकेतस्थळावर आला की त्याच संध्याकाळी वाचा. विधान चुकीचे नोंदले गेले असेल तर ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’साठी लगेच प्रेसिपी, म्हणजे प्रकरण बोर्डावर घेण्याची लेखी विनंती, द्या. त्या वाटेने फक्त नोंदीची चूक दुरुस्त होते, आदेश बदलून मिळत नाही.

तुम्हाला न ऐकता आणि कागद न देता अंतरिम आदेश झाला असेल तर अनुच्छेद २२६(३) आहे. तो उठवण्याचा अर्ज करून प्रत समोरच्याला दिली की दोन आठवड्यांत अर्ज निकाली निघायला हवा, नाहीतर आदेश आपोआप संपतो. मात्र पहिल्या दिवशी सरकारी वकील हजर होता असे नोंदले असेल तर हा मार्ग बहुधा बंद. म्हणून प्रत मिळालेली नसताना हजर राहिलात तर तेवढे आदेशात नोंदवून घ्या.

शपथपत्र

शपथ कोणी घ्यावी? ज्याने नस्ती हाताळली किंवा जो तिच्यावरून बोलू शकतो त्याने. धोरणाला आव्हान असताना तालुका पातळीवरच्या अधिकाऱ्याचे शपथपत्र दाखल झाले की खंडपीठाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या नोंदीत, कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून, कोणता अभिलेखावरून आणि कोणता कायदेशीर सल्ल्यावरून, हे वेगवेगळे लिहावे. ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा’ हा साचा सर्वोच्च न्यायालयाच्या नंबियार प्रकरणापासूनच धोक्याचा आहे.

याचिकेतले प्रत्येक तथ्यात्मक विधान स्वतंत्रपणे घ्या. सरसकट नाकबुली म्हणजे उत्तरच नाही. नसीम बानो प्रकरणात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने न खोडलेली विधाने मान्य समजली होती. खरे असेल ते मान्य करा. मान्य करण्याने शपथपत्राचे वजन वाढते, कमी होत नाही, आणि हे विभागाला समजावून सांगणे हाही कामाचा भागच. मसुदा विभागाकडे पाठवताना पानावर ‘मसुदा’ लिहा आणि तपासून परत येण्याची तारीख द्या. तो सही करणाऱ्या अधिकाऱ्याने वाचला आहे ना, हे त्याला दोन प्रश्न विचारून पाहा. न वाचता सही झालेली शपथपत्रे उलट प्रश्नाला टिकत नाहीत.

प्राथमिक हरकती, म्हणजे पर्यायी उपाय आहे, उशीर झाला, अधिकार नाही, या मोजक्याच घ्या. धोरणाच्या वैधतेला मूलभूत हक्कांवरून आव्हान असेल तर पर्यायी उपायाची हरकत व्हर्लपूल निकालापुढे (१९९८) टिकत नाही आणि चार दुबळ्या हरकतींखाली पाचवी खरी हरकत दडपली जाते. उशिराची हरकत मात्र प्रवेश, भरती आणि निविदा यांत जोरदार चालते. तिथे प्रक्रिया कोणत्या तारखेला कुठवर आली होती याचा तक्ता जोडा.

भाषांतरात हरलेले खटले

याला फारसे कोणी महत्त्व देत नाही, पण इथे जपून राहावे. शासन निर्णय मराठीत, न्यायालयाचे काम इंग्रजीत. याचिकेला जोडलेले भाषांतर याचिकाकर्त्याच्या सोयीचे असते आणि विभागाने दिलेले घाईचे. ‘करण्यात यावे’ हा आदेश आहे, ‘करता येईल’ ही मुभा आहे. इंग्रजीत दोन्हींचे ‘मे’ (may) झाले की बंधनकारक अट ऐच्छिक बनते, किंवा उलट. ‘पात्र राहील’ म्हणजे एलिजिबल. ते एन्टायटल्ड असे उतरले की योजनेत अर्ज करण्याची पात्रता थेट हक्क होऊन बसते आणि निधीच्या मर्यादेचा बचावच संपतो. ‘अनुज्ञेय’, ‘शक्यतो’, ‘यथास्थिती’, ‘विहित’ या शब्दांकडे नीट पाहा. ‘विहित नमुना’ म्हणजे नियमांनी ठरवलेला नमुना असा अर्थ लागतो. शासन निर्णयातल्या ‘विहित’ला अनेकदा तसा नियमच नसतो. ‘तथापि’ने सुरू होणारे वाक्य अपवाद आहे की नुसता जोड, हे मूळ मजकूर वाचल्याशिवाय ठरत नाही.

म्हणून स्वतःचे भाषांतर करून घ्या, ते मूळ मराठीशेजारी ओळीला ओळ लावून जोडा, आणि वाद झाला तर मराठी मजकूरच मोठ्याने वाचा.

वर्गीकरण आणि आकडेवारी

अनुच्छेद १४ खालचा हल्ला बहुतेक वेळा एका वाक्यात असतो: यांना दिले, आम्हाला का नाही? उत्तर दोन पायऱ्यांचे. गट वेगळे का आणि त्या वेगळेपणाचा धोरणाच्या हेतूशी संबंध काय. दुसरी पायरी वकील विसरतात.

डान्सबारचे प्रकरण यासाठी अभ्यासावे. २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात कलम ३३अ घालून बारमधल्या नृत्यावर बंदी आली आणि ३३ब ने तारांकित हॉटेलांसारख्या काही ठिकाणांना वगळले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ते कायम केले. जे नृत्य एका ठिकाणी शोषण ठरते तेच महागड्या ठिकाणी का ठरत नाही, याला पटणारे उत्तर देता आले नाही. धोरणातला अपवाद हाच बहुधा त्याचा सर्वांत कच्चा दुवा असतो. नस्ती वाचताना अपवाद कोणी, केव्हा आणि कशासाठी घातला ते वेगळे शोधून ठेवा.

आकडेवारीबाबत प्रश्न ‘आहे का’ एवढाच नसतो. कसोटी जे विचारते त्याचे उत्तर तिच्यात आहे का, हे पाहावे लागते. मराठा आरक्षणाच्या प्रकरणात गायकवाड आयोगाचा अहवाल जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने स्वीकारला, टक्केवारी मात्र शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ वर आणली. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच अहवालावरून ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याइतकी अपवादात्मक परिस्थिती दिसत नाही असे म्हटले आणि ते आरक्षण रद्द केले. कागद तोच, विचारलेला प्रश्न वेगळ्या काटेकोरपणे तपासला गेला. त्याच वर्षी ४ मार्चला स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत गवळी निकाल आला: समर्पित आयोगाची समकालीन अनुभवाधारित चौकशी, संस्थानिहाय प्रमाण आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा, ही तिहेरी कसोटी पार केल्याशिवाय सरसकट २७ टक्के चालणार नाही. दोन्हींतून घ्यायचे ते हे: युक्तिवाद लिहिण्याआधी लागू होणारी कसोटी एका ओळीत लिहा, तिचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याखाली अहवालाचे पान लिहा. हक्कावर मर्यादा घालणारे धोरण असेल तर २०१६ च्या मॉडर्न डेंटल निकालातली प्रमाणशीरतेची कसोटी घ्या: हेतू वैध, उपायाचा हेतूशी संबंध, याहून सौम्य उपाय नव्हता, आणि लाभ व बंधन यांचा तोल. यातला तिसरा प्रश्न विचारला की सरकारी बाजू गप्प होते, कारण नस्तीत पर्यायांचा विचारच नोंदलेला नसतो. असला तर ते पान पहिल्या पाचांत ठेवा.

उभे राहून बोलताना

‘हा धोरणात्मक निर्णय आहे, न्यायालयाने हात घालू नये’ ही सुरुवात टाळा. बाल्को निकालापासून (२००१) आर्थिक धोरणांत न्यायालये हात आखडता घेतात हे खरे. पण २००७ च्या गौरव जैन निकालाने कुठे तपासणी होईल तेही सांगितले आहे: मूलभूत हक्कांचा भंग, घटनेशी विरोध, कायद्याशी विरोध, किंवा उघड मनमानी. त्या चारही दारांतून निर्णय सुखरूप बाहेर येतो हे आधी दाखवावे, मग संयमाचे निकाल वाचावेत. उलट क्रमाने गेलात तर शासन उत्तर टाळते आहे असे वाटते.

न्यायमूर्तींपुढे तीन पानांचे टिपण द्या: तारखा, अधिकाराचा स्रोत, मुद्दे आणि संकलनातली, म्हणजे एकत्र बांधलेल्या कागदांच्या संचातली, पाने. संकलनाला सलग क्रमांक द्या. ‘पान ४२ अ च्या मागे’ म्हणत शोधाशोध सुरू झाली की खंडपीठाचे लक्ष गेले.

धोरणाचा एखादा परिच्छेद टिकत नसेल तर तो सोडण्याची परवानगी विभागाकडून सुनावणीआधी लेखी घ्या. पशुसंरक्षण सुधारणा कायद्याच्या प्रकरणात मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बैल व वळू यांच्या कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगण्याबद्दलचे कलम ५ड आणि सिद्धतेचा भार आरोपीवर टाकणारे ९ब रद्द केले. कायद्याचे भाग सुटे होऊ शकतात. कोणता भाग गेला तरी बाकीचे चालेल, हे न्यायालयाने विचारण्याआधी तुम्हाला माहीत असले पाहिजे. पण लेखी सूचनेशिवाय तथ्याची कबुली देऊ नका. कायद्याच्या मुद्द्यावर चुकून दिलेली कबुली शासनाला बांधत नाही, तथ्याची बांधू शकते.

समोरच्याला न दाखवता कागद बंद लिफाफ्यात फक्त न्यायालयाला द्यायचा आग्रह विभाग धरतो. माध्यमम ब्रॉडकास्टिंग निकालानंतर (एप्रिल २०२३) त्याला फार जड समर्थन लागते. खरोखर गोपनीय कागद असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२९ खाली विशेषाधिकाराचा दावा विभागप्रमुखाच्या शपथपत्राने, कागदनिहाय कारणांसह करावा. निव्वळ अडचणीचा कागद गोपनीय नसतो.

सचिवांना बोलावण्याची वेळ आली तर ३ जानेवारी २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली कार्यपद्धती दाखवा. व्यक्तिशः हजेरी अपवादाने, आधी दूरदृश्य प्रणालीचा पर्याय, आणि अधिकाऱ्याच्या पेहरावावर शेरे नकोत. तरी ज्या प्रकरणात दोनदा शपथपत्राची तारीख चुकली आहे तिथे ही कार्यपद्धती वाचून दाखवण्यापूर्वी शपथपत्र दाखल करावे.

निकालानंतर

निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी एक पानाचे पत्र विभागाला आणि विधी व न्याय विभागाला: काय रद्द झाले, काय करायला सांगितले, किती दिवसांत, आणि अपील करावे की नाही याचे मत कारणांसह. प्रमाणित प्रतीचा अर्ज त्याच दिवशी, कारण प्रत मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो, अर्ज न करता घालवलेला होत नाही. एकल न्यायमूर्तींच्या निकालावर लेटर्स पेटंट अपील (त्याच उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींपुढचे अपील) चालत असेल तर ३० दिवस, सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला ९० दिवस. नस्ती टेबलांवरून फिरत होती हे कारण आता चालत नाही: २०१२ च्या पोस्टमास्टर जनरल निकालाने शासनाला वेगळी सवलत नाकारली आणि २०२० मध्ये भेरूलाल प्रकरणात तर उशिराबद्दल राज्याला खर्च बसवला. विभागाने ठरवायला घेतलेला वेळ तक्त्यात तुमच्या पत्राच्या तारखेपासून दिसला पाहिजे.

अपील दाखल झाले म्हणजे स्थगिती मिळाली, हा समज अवमानाच्या निम्म्या याचिकांच्या मुळाशी असावा. स्थगिती नाही तोवर आदेश पाळायचा. पाळणे खरेच शक्य नसेल तर दिलेली मुदत संपण्याच्या आधी मुदतवाढीचा अर्ज करा आणि त्यात आजवर काय केले, काय उरले, ते कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे अधिकाऱ्याच्या पदनामासह लिहा. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जात हेच सगळे लिहिले तरी ते खुलासा म्हणून वाचले जाते.